सुरक्षितता रेणूतच हवी

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्यानंतरची बरीचशी चर्चा मुखपट्टी, हातमोजे आणि वाऱ्याची दिशा यांभोवतीच फिरली. या सूचना आवश्यकच आहेत. परंतु पुरुषभर उंचीच्या कपाशीत, पाठीवर पंप घेऊन रोजंदारीने राबणाऱ्या माणसावर सुरक्षिततेचा सगळा भार टाकणे न्याय्य आहे काय?

मूळ प्रश्न रसायनाच्या घडणीचा आहे. त्या हंगामात फवारलेल्या औषधांत ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकेही होती. ती मज्जासंस्थेतील कोलिनएस्टरेज हे विकर निकामी करतात. हे विकर जसे अळीत असते, तसेच माणसातही असते. म्हणजे अळी मारण्याचा मार्ग निवडला जातो, तेव्हाच फवारणाऱ्याचा धोकाही ठरून जातो.

निराळी घडण शक्य आहे. याच गटातील मॅलॅथिऑनचे विघटन सस्तन प्राण्यांचे शरीर त्वरेने करते, कीटकांना ते तितके साधत नाही. म्हणून ते माणसाला तुलनेने कमी घातक ठरते. टेब्युफेनोझाइड त्याहून पुढे जाते. ते अळीच्या कात टाकण्याच्या संप्रेरकाची नक्कल करते. अकाली कात टाकू लागलेली अळी खाणे सोडून मरते. माणसाच्या शरीरात ही क्रियाच नाही. या संशोधनास १९९८ साली अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षीय हरित रसायनशास्त्र पुरस्कार मिळाला.

अर्थात अशी औषधे मोजक्याच किडींवर चालतात. एकाच फवारणीत सर्व किडी मारणारे स्वस्त औषध बाजारात सहज खपते. मात्र त्याची उरलेली किंमत मजुराच्या शरीरातून वसूल होते.

इतिहासात हा क्रम नवा नाही. डीडीटीच्या कीटकनाशक गुणाच्या शोधाबद्दल पॉल म्युलर यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेने त्याचा शेतीतील वापर थांबवला तो १९७२ साली. आधी विक्री, मग हानी, शेवटी बंदी!

हा क्रम उलटायचा असेल, तर नोंदणीच्या वेळीच विचारले पाहिजे : हेच काम करणारे कमी घातक रसायन उपलब्ध आहे काय? असल्यास जुन्यास परवानगी कशासाठी? आपल्या शाळेचे जे विद्यार्थी रसायनशास्त्र, कृषिविज्ञान वा कायद्याकडे वळतील, त्यांनी हा प्रश्न प्रयोगशाळेत आणि शासनदरबारी आग्रहाने मांडावा. ज्यांच्या घरातील माणसे आजही पाठीवर पंप घेऊन शेतात उतरतात, त्यांचा तो हक्कच आहे.