लोहाच्या गोळीचे गणित : किमतीपेक्षा वेळ मोलाची

प्रतिनिधी
पुणे

वारज्यातील कोणत्याही औषध दुकानात लोहाची गोळी मागितली, की फेरस अ‍ॅस्कॉर्बेट, फेरस फ्युमरेट, आयर्न पॉलिमाल्टोज अशी नावे पुढे येतात. सरकारी योजनेतील फेरस सल्फेटची गोळी मात्र विनामूल्य मिळते. त्यामुळे विकतची गोळी अधिक गुणकारी, असा समज होणे स्वाभाविक आहे. शरीराचा हिशेब मात्र वेगळा आहे.

हा प्रश्न क्षुल्लक नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षयग्रस्त महिलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते. २०१९-२१ च्या पाहणीत ते ५४.२ टक्क्यांवर गेले. गोळ्या उपलब्ध असूनही हे घडले.

वेष्टनावरील मोठ्या आकड्याने फसू नये. फेरस फ्युमरेटच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष लोह सुमारे ६५ मिलिग्रॅम असते, तर फेरस ग्लुकोनेटच्या ३०० मिलिग्रॅममध्ये जेमतेम ३५. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात लोह 'फेरस' रूपातच पेशींत शिरते. म्हणूनच साधे सल्फेटही चांगले शोषले जाते. अ‍ॅस्कॉर्बेटमधील 'क' जीवनसत्त्व लोहाला याच रूपात टिकवते. पॉलिमाल्टोजमधील लोह 'फेरिक' असते. ते पोटाला सौम्य असले तरी त्याचे शोषण तुलनेने मंद होते.

खरी मेख पुढे आहे. लोहाचा मोठा डोस पोटात गेला, की यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडते आणि आतड्यातून रक्तात जाणारी लोहाची वाट सुमारे एक दिवस आखडते. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २०१७ मध्ये लोहसाठा कमी असलेल्या महिलांना ६० मिलिग्रॅम लोह दिले. रोज घेणाऱ्यांच्या शरीरात त्यातील १६.३ टक्के, तर एक दिवसाआड घेणाऱ्यांच्या शरीरात २१.८ टक्के लोह शोषले गेले. अर्थात, म्हणून कोणी परस्पर डोस बदलू नये. २०१८ पासूनच्या 'अ‍ॅनिमियामुक्त भारत' कार्यक्रमात गर्भवतींसाठी रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड, किमान १८० दिवस, असाच नियम आहे.

याखेरीज स्वयंपाकघरातील सवयी आड येतात. चहा, कॉफी, दूध, कॅल्शियमची गोळी आणि आम्लपित्तावरील औषधे लोहाचे शोषण घटवतात; लिंबू वा आवळा ते वाढवतो. गोळी आणि चहा यांत निदान एक-दोन तासांचे अंतर हवे. मळमळ, बद्धकोष्ठता किंवा काळ्या शौचामुळे अनेक जणी गोळी मध्येच सोडतात. वास्तविक काळे शौच हा न शोषलेल्या लोहाचा परिणाम असून तो निरुपद्रवी आहे. मळमळ असह्य झाल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रकार वा वेळ बदलता येते. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही शरीरातील साठा भरून येण्यास आणखी काही महिने लागतात.

फुकटची गोळी कमअस्सल नाही. सकाळच्या चहाबरोबर घेतलेली महागडी गोळी मात्र बरीचशी वाया जाते.