विहिरींत उतरण्यापूर्वीं

चैत्र सरून वैशाखाचें ऊन तापूं लागलें म्हणजे परभणी जिल्ह्यांतील पालमच्या पंचक्रोशींत विहिरींचें पाणी तळास जातें आणि गाळ काढण्याची घाई सुरू होते. ज्या घरांतील कर्ते पुरुष नोकरीनिमित्त पुण्यामुंबईस राहतात व वडिलोपार्जित शेती वाट्यानें लाविलेली असते, त्यांच्याकडेही या दिवसांत निरोप येतो: विहिरीस गाळ फार झाला, माणसें लावूं काय? आपण ‘लावा’ म्हणून कळवितों आणि मोकळे होतों. त्या एका शब्दासरशी कोणाचा तरी जीव दोराच्या टोकाला लोंबूं लागतो, हें मात्र फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

डोंगरकडे चढणाऱ्या व खोल गुहा धुंडाळणाऱ्या मंडळींनीं याच प्रश्नाचा फार बारकाईनें विचार केलेला आहे. मेघालयांत चुनखडकाच्या अशा गुहा पुष्कळ असून १९९२ पासून तेथें देशी-परदेशी पथकें उतरत आलीं आहेत. आपल्या मराठवाड्याचा खडक लाव्ह्याचा, काळा. त्यांत तसल्या गुहा नाहींत. पण चाळीस-साठ फूट खोल असलेली न बांधलेली विहीर म्हणजे उतरणाऱ्याच्या दृष्टीनें उभी गुहाच होय.

तिच्या भिंतीकडे एकवार नीट पाहावें. वर काळी माती, तिच्याखालीं मुरूम, मग मांजऱ्या आणि सर्वांत खालीं काळा पाषाण. दोन थरांच्या मध्यें कोठें कोठें तांबड्या मातीचा पट्टा असतो. तो भिजून झिजला कीं वरचा खडक निराधार होतो. विहीर भरलेली असतां आंतील पाणी भिंतीस टेकू देत असतें. पंपानें तें झपाट्यानें उपसलें म्हणजे टेकू जातो आणि चिरांत राहिलेलें पाणी मागून रेटा देतें. उपसा संपतांच माणूस उतरविण्याची जी घाई होते, ती म्हणूनच वाईट. सुरुंग लाविलेली विहीर असेल, किंवा भिंतींत पिंपळ-उंबराचीं मुळें शिरलीं असतील, तर दुप्पट काळजी घ्यावी.

साठ फुटांवरून सुटलेला दगड दोन सेकंदांच्या आंत तळास पोंचतो व तेव्हां त्याचा वेग ताशीं सुमारें ६८ किलोमीटर असतो. मुठीएवढा दगडही माणूस मारावयास पुरे! तेव्हां प्रथम काठावरचे सुटे दगड, काढलेला गाळ, पहारी, घमेलीं, सर्व चार-पांच हात मागें सारावीं. नंतर भिंत वरून खालीं ठोकीत यावें. टणक खडक खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द वाजतो. हें काम चालूं असतां खालीं कोणीही नसावें. वरच्यानें ‘दगड’ म्हणून ओरडतांच खालच्यानें मान वर न करतां भिंतीस चिकटावें. हनुवटीला पट्टा असलेलें शिरस्त्राण हवेंच. मुंडाशाच्या भरंवशावर राहूं नये.

आतां दोर कशास बांधावा? विहिरीचा कठडा, पंपाचा नळ, मोटेच्या काळचे कुजके खांब, यांपैकीं कशालाही नव्हे. जिवंत, जाड बुंध्याचें कडुनिंबाचें वा बाभळीचें झाड असेल तर त्याच्या बुडाशीं बांधावा. आणि आधार एक नव्हे, दोन असावेत. एक निसटला तर दुसऱ्यानें हिसका न बसतां भार घ्यावा, इतका त्याचा दोर ताठ असावा. विहिरीच्या दोन बाजूंच्या झाडांना आडवा दोर ताणून मधोमध माणूस सोडण्याचा मोह पुष्कळांस होतो. तो घातक आहे. साठ किलोंचा माणूस शेजारशेजारच्या दोन आधारांवर टांगला तर प्रत्येकावर ३० किलोंचा भार पडतो. दोरांमधील कोन १२० अंशांचा झाला कीं प्रत्येकावर पुरते ६० किलो येतात आणि १६० अंशांस तर १७० हून अधिक! माणूस तोच, दोरही तोच. काठावर जेथें दोर घासतो तेथें गोणपाटाची जाड घडी घालावी.

विषारी हवेचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. तथापि एप्रिल २०२४ मधील वाकडीची गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. नेवासे तालुक्यांतील या गांवीं शेणाचा गाळ साठविलेल्या जुन्या विहिरींत मांजर पडलें. त्यास काढावयास एकामागून एक उतरलेले पांच जण दगावले. कमरेस दोर बांधून उतरलेला एकजण तेवढा वर ओढतां आला.

तेव्हां पुढील निरोप येईल त्या वेळीं उलट दोन प्रश्न अवश्य विचारावेत: दोर कशास बांधणार, आणि वर सबंध वेळ कोण उभें राहणार? भिंत ठोकून घेण्यांत मजुरीचा एक दिवस वाढेल. तो आपण होऊन देऊं करावा. गडी भिडेनें मागणार नाहीं. गाळ ओढावयास यारी भाड्यानें आणली असेल तर तिच्या डोलींतून माणसांनीं ये-जा करूं नये, हेंही त्याच निरोपांत कळवावें.