काटकसर तिच्याच वाट्याला?

मुलं मार्गी लागली की घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘आता दोघंच युरोप बघून येऊ!’ मग तीन आठवड्यांचा हिशेब मांडला जातो. विमान, हॉटेल, रेल्वे. पण बारीकसारीक खर्चच फार असतात. शेंगेन व्हिसाची फी २०२४ पासून माणशी ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. किमान ३० हजार युरोंचा प्रवास विमा सक्तीचा. लंडनही करायचं, तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा. रोम-पॅरिसच्या हॉटेलांत दर रात्री माणशी कर पडतो, तो निराळाच.

आकडा फुगला की कात्री कुठे लागते? ‘स्वयंपाकघर असलेली खोली घेऊ, तू खिचडी टाकशीलच!’ म्हणजे इथला कुकर तिथे! वर्षानुवर्षं भिशी भरून, डब्यात पैसे साठवून जिने ही सहल शक्य केली, तिचीच सुट्टी कापायची?

बचत जरूर करा. रोममध्ये रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, बाटली भरून घ्या. दिवस दोन कमी करा, एखादा देश वगळा. स्वयंपाक करायचाच, तर पाळी लावा. आणि थोडे युरो तिच्याही पर्समध्ये असू द्या. साध्या कॉफीसाठी परदेशात जाऊनही हात पसरावा लागला, तर तो प्रवास कसला?

हिशेबाची वही उघडाल तेव्हा दोघं मिळून बसा. सहलीची सुरुवात तिथेच होते.