पीओपीची भट्टी नंतर, गोणी आधी

मागच्या व्हिडिओखाली वेल्ह्याच्या एका दादांनी विचारलं, "सर, पुण्यात पीओपी सीलिंगची कामं घेतो. तोडलेला माल फुकट मिळतो. कर्ज काढून भट्टी टाकू का?"

माझं मत विचाराल तर, आत्ता नको.

कल्पना खोटी नाही हां. जिप्सम साधारण 150 अंशांवर भाजलं की त्यातलं पाऊण पाणी उडतं आणि पीओपी होतं. पीओपीत पाणी घातलं की परत जिप्सम. म्हणजे तोडलेलं सीलिंग हे मुळात जिप्समच. 100 किलो कोरडा, शुद्ध चुरा भाजला तर 84 किलो माल हाती येतो, बाकीची वाफ.

पण तोडलेल्या सीलिंगमध्ये शुद्ध काय असतं? रंग, काथ्या, स्क्रू, भिंतीचं सिमेंट. बोर्ड असेल तर कागद. त्यात परत भाजलेला माल पाणी जास्त पितो आणि ताकदीला कमी भरतो. ताप चुकला तर सेट होण्याचा वेळ बिघडतो. असा माल गिऱ्हाइकाच्या हॉलला लावलात आणि भेग पडली, तर हप्ता राहिला बाजूला, पुढचं काम कोण देणार?

आणि वेल्ह्याचा पाऊस मी तुम्हाला काय सांगू! ओला चुरा म्हणजे ते पाणी उडवायला तुमचंच इंधन.

खरी किंमत आहे ती स्वच्छ मालाला. कपबश्या, बेसिन बनवणाऱ्यांचे पीओपीचे साचे वापरून झिजले की बाद होतात. त्यात रंग नाही, काथ्या नाही. सिमेंटवाल्यांना तर जिप्सम न भाजताच चालतं. सिमेंट लगेच घट्ट होऊ नये म्हणून दळताना ते 3 ते 5 टक्के घालतातच. फक्त ते कारखाने आपल्यापासून लांब, त्यामुळे गाडीभाडं आधी काढा. गणपतीच्या मूर्तींचा मार्ग वेगळा. पुण्याच्या एनसीएलच्या पद्धतीत त्या अमोनियम बायकार्बोनेटमध्ये विरघळवतात, त्यातून अमोनियम सल्फेट हे खत मिळतं. तिथे भट्टी लागतच नाही.

तर दादा, तीन महिने साइटवर दोन गोण्या ठेवा. एकीत बिनरंगी, कोरडे तुकडे, दुसरीत बाकी सगळं. माल घाट चढवून गावी आणू नका, पुण्यातच शेडखाली ठेवा. महिनाअखेर पहिल्या गोणीचं वजन कमेंटमध्ये टाका, मग कर्जाचं बोलू.