वीज परतल्यानंतरचा पहिला क्षण

वीज निमिषमात्र जाऊन परत आली आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर रंग हरपलेले, वरखाली सरकणारे चित्र उमटू लागले, म्हणजे घरातील मंडळी केबलवाल्याला बोल लावतात. परंतु या उपद्रवाचे मूळ सेटटॉप बॉक्समधील व्हिडिओ एन्कोडर चिपच्या आरंभविधीत असण्याचा संभव मोठा असतो, आणि त्या विधीची हेळसांड ही उत्पादकांची अक्षम्य कसूर आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंकरूपाने आलेल्या चित्राचे जुन्या संचांना उमगेल अशा संकेतात रूपांतर करणारी ही चिप, तिच्या रजिस्टरांत, म्हणजे मांडणीच्या नोंदी ठेवणाऱ्या कप्प्यांत, कोणी काही लिहिले नाही, तर आपल्या मूळ दस्तुराप्रमाणे वागते, आणि तो दस्तूर आपल्या देशाचा असेलच असे नाही. ॲनालॉग डिव्हायसेसची एडीव्ही 7170 ही चिप रीसेटनंतर अमेरिकेतील एनटीएससी पद्धती धारण करते. तीत 525 रेषा आणि सुमारे 3.58 मेगाहर्ट्झचा रंगवाहक असतो. आपल्याकडे 1982 साली रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते पाल पद्धतीने, म्हणजे 625 रेषांचे आणि सुमारे 4.43 मेगाहर्ट्झच्या रंगवाहकाचे.

काटकसरीखातर रीसेटची तार पुष्कळदा एका रेझिस्टर-कपॅसिटरच्या जोडीवर सोपवलेली असते. वीज बराच वेळ बंद राहून आली तर हा बंदोबस्त पुरतो, कारण रिता कपॅसिटर सावकाश भरेपर्यंत तार खालच्या व्होल्टेजवर राहते आणि तेवढ्यात चिप पूर्वावस्थेला येते. परंतु व्होल्टेज क्षणभर खचून लगेच सावरले, तर कपॅसिटरला रिते होण्यास अवधीच मिळत नाही, रीसेटचा हुकूम निघतच नाही, आणि इकडे प्रोसेसर नव्याने कारभार सुरू करीत असता चिप मात्र जुन्या, कदाचित भ्रष्ट झालेल्या, नोंदींवरच चालत राहते. भारनियमन आणि पावसाळ्यातील खंड सोसणाऱ्या आपल्या गावांत हा प्रसंग अपवादात्मक म्हणता येणार नाही.

यावर तजवीज आहे, आणि ती महागही नाही. रीसेटची तार प्रोसेसरच्या ताब्यात द्यावी. व्होल्टेज स्थिर होऊन 27 मेगाहर्ट्झचे क्लॉक चालू होईपर्यंत ती खाली धरावी. सोडल्यावर पद्धती, रंगवाहक आणि समय यांचे प्रत्येक रजिस्टर लिहावे, मूळ मूल्य योग्य भासले तरीही. चिपने प्रत्येक बाइटची पोच दिली म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण पोच बाइट पोहोचल्याची असते, तो बिनचूक असल्याची नसते. म्हणून नोंदी परत वाचून ताडून पाहाव्यात आणि मगच चित्र बाहेर सोडावे.

कारखान्यांतील तपासनिसांना माझी विनंती आहे की, पेटी बाजारात धाडण्यापूर्वी तिची वीज कधी क्षणभर, कधी अर्धा सेकंद, कधी पाच सेकंद अशी वारंवार तोडून पाहावी, आणि चित्र एकदाही बिघडले तर मंजुरीचा शिक्का देऊ नये.