फी भरली, आता ग्रंथालयात जा



प्रवेशाची धावपळ संपली की फीची पावती घरातल्या एखाद्या फाईलमध्ये जाते आणि पुन्हा कोणी तिच्याकडे पाहत नाही. या महिन्यात ती एकदा बाहेर काढा. बहुतेक महाविद्यालयांच्या पावतीवर शिक्षण शुल्काच्या खाली 'ग्रंथालय शुल्क' असे कलम असते. पुष्कळ ठिकाणी त्याच्या जोडीला 'ग्रंथालय अनामत' असते. अनामत म्हणजे कॉलेज सोडताना परत मिळणारी रक्कम. शुल्क मात्र वर्षभराच्या वापरासाठी असते. थोडक्यात, पुस्तकांचे पैसे तुमच्या घरातून गेलेले आहेत. मुलगा-मुलगी ग्रंथालयात गेली नाहीत तरी ते पैसे परत येत नाहीत. तरीही पहिल्या वर्षाची कितीतरी मुले तीच पुस्तके बाजारातून विकत घेतात, किंवा गाईड आणि झेरॉक्सच्या गठ्ठ्यावर वर्ष काढतात.

या वेळी देवरूखचा विचार डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहे. इथले आठल्ये-सप्रे-पित्रे महाविद्यालय 1972 मध्ये सुरू झाले. त्याआधी संगमेश्वर तालुक्यातल्या मुलाला पदवी घ्यायची तर रत्नागिरी किंवा चिपळूण गाठावे लागे, नाहीतर मुंबईला नातेवाइकांकडे राहावे लागे. मुलीच्या बाबतीत हा विचार बहुतेक घरांत सुरूच होत नसे. आज कला, वाणिज्य, विज्ञान या तिन्ही शाखा तालुक्यातच आहेत आणि आंबव येथे राजेंद्र माने अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. कॉलेज जवळ आले, पण गाव आणि कॉलेज यांच्यामध्ये एस.टी. आहेच. सकाळची गाडी लवकर पोहोचते, तास दुपारी संपतात आणि परतीची गाडी त्यानंतर बऱ्याच वेळाने असते. हा मधला वेळ मुले स्टँडवर काढतात. आणि 'मुलगी स्टँडवर उभी असते' एवढ्या एका कारणावरून दुसऱ्या वर्षाला नाव काढून घेतल्याची उदाहरणे आपल्या समाजात कमी नाहीत.

त्या दीड-दोन तासांसाठी वाचनकक्ष आहे. तिथे पंखा असतो, पाणी असते, कर्मचारी समोर बसलेले असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद होते. आपल्याकडे घर लहान, माणसे जास्त, संध्याकाळी पाहुणे आणि टीव्ही. अशा घरातल्या मुलाला एक टेबल आणि शांतता मिळणे ही लहान गोष्ट नाही. अम्मी-अब्बांना माझी विनंती आहे की मुलीला 'तास संपले की लगेच निघ' असे सांगण्याऐवजी 'तास संपले की ग्रंथालयात बस, गाडीच्या वेळेला निघ' असे सांगावे. ग्रंथालय किती वाजता बंद होते ते पहिल्याच आठवड्यात विचारून घरी कळवायला सांगा. परीक्षेच्या दिवसांत बऱ्याच ठिकाणी ही वेळ वाढवतात.

आता ग्रंथालयात पाऊल टाकल्यावर काय करायचे? आधी ओळखपत्र किंवा ग्रंथालय कार्ड घ्या. त्यासाठी फोटो आणि फीची पावती लागते. एका वेळी किती पुस्तके मिळतात, किती दिवसांसाठी, उशिराला दिवसाला दंड किती, हे नियम प्रत्येक कॉलेजचे वेगळे असतात आणि देवघेवीच्या खिडकीजवळ लिहिलेले असतात. ते मोबाइलमध्ये टिपून ठेवा. मुदत संपत आली आणि पुस्तक अजून हवे असेल, तर ते दाखवून पुन्हा आपल्या नावावर करून घेता येते. दुसऱ्या कोणी त्याची मागणी केलेली नसावी, एवढीच अट असते. दंड भरणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांना ही सोय ठाऊक नसते, असे मला वाटते.

कपाटांपुढे गेल्यावर नव्या विद्यार्थ्याला घाबरवतात ते पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे. त्यात गूढ काही नाही. मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने 1876 मध्ये सगळ्या ज्ञानाचे दहा भाग पाडून प्रत्येकाला आकडे दिले. आपल्याकडची बहुतेक महाविद्यालये तीच पद्धत वापरतात. 330 म्हणजे अर्थशास्त्र, 150 मानसशास्त्र, 510 गणित, 540 रसायनशास्त्र, 657 हिशेबशास्त्र, 954 भारताचा इतिहास. मराठी साहित्य 891.46 वर आणि उर्दू साहित्य 891.439 वर, म्हणजे एकाच रांगेत, हाताच्या अंतरावर. इस्लामवरची पुस्तके 297 वर सापडतील. आपल्या विषयाचा आकडा एकदा कळला की तीन वर्षे तोच कामाला येतो. शिवाय एक पुस्तक शोधताना त्याच्या डाव्या-उजव्या बाजूची चार पुस्तके नजरेला पडतात. प्राध्यापकांनी सांगितलेले पुस्तक दुसऱ्याने नेलेले असेल, तर शेजारचे पुस्तक काढून त्याची अनुक्रमणिका पाहा. कित्येकदा तेच सोपे निघते. काही ठिकाणी विद्यार्थ्यांना कपाटांपर्यंत जाऊ देत नाहीत, चिठ्ठी लिहून द्यावी लागते. तिथे संगणकावरच्या सूचीत लेखकाच्या नावाने शोधून क्रमांक चिठ्ठीवर लिहिला, तर पुस्तक लवकर हातात पडते.

आणि विचारायला लाजू नका. ग्रंथपाल रागावतील या भीतीने मुले तास-तास फिरतात. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयाचे पाच सिद्धांत मांडले आणि वाचकाचा वेळ वाचवणे हे त्यात ग्रंथालयाचे कर्तव्य ठरवले. त्यांच्या स्मरणार्थ 12 ऑगस्ट हा ग्रंथपाल दिन पाळतात. तेव्हा 'सर, मला या विषयाचे मराठीतले सोपे पुस्तक हवे आहे' असे म्हणणे म्हणजे कोणावर ओझे टाकणे नव्हे. ते त्यांचे कामच आहे आणि चांगल्या ग्रंथपालाला ते आवडते.

इथे उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांविषयी थोडे जास्त लिहायला हवे. रत्नागिरी जिल्ह्यात उर्दू शाळा बऱ्याच आहेत. तिथून आलेला हुशार मुलगा कॉलेजात गप्प होतो, कारण तास मराठीत किंवा इंग्रजीत चालतात आणि संज्ञा कानावरून जातात. विषय त्याला कळत असतो. अडतो तो शब्दांपाशी. अशा मुलाने पहिल्या महिन्यात संदर्भ विभाग गाठावा. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने अर्थशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र अशा अनेक विषयांचे परिभाषा कोश काढले आहेत. त्यात इंग्रजी संज्ञेपुढे मराठी शब्द दिलेला असतो. मराठी विश्वकोशात त्याच संज्ञेवर पान-दोन पानांची नोंद मिळते. संदर्भ विभागातली पुस्तके घरी देत नाहीत, म्हणून वही घेऊन बसावे. तीन रकाने आखावेत : इंग्रजी शब्द, मराठी शब्द आणि आपल्याला कळलेला उर्दू अर्थ. रोज दहा शब्द पुष्कळ झाले. दिवाळीच्या सुटीपर्यंत तास कळू लागतो. कोश आणि विश्वकोश दोन्ही इंटरनेटवर विनामूल्य आहेत, पण मोबाइलवर शब्द पाहताना दुसरेच काही पाहण्यात अर्धा तास कसा जातो, हे सगळ्या घरांना माहीत आहे.

इंटरनेटचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सोय सांगते. गांधीनगरची इन्फ्लिबनेट ही संस्था महाविद्यालयांसाठी 'एन-लिस्ट' नावाची योजना चालवते. ज्या कॉलेजने तिचे सदस्यत्व घेतले असेल, तिथल्या विद्यार्थ्याला स्वतःचे नाव आणि पासवर्ड मिळतो, आणि मग हजारो शोधपत्रिका व मोठ्या संख्येने ई-पुस्तके घरबसल्या वाचता येतात. आपले कॉलेज सदस्य आहे का, एवढे ग्रंथपालांना विचारा. आयआयटी खरगपूरने उभारलेले 'नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' तर सर्वांनाच मोफत आहे. पावसाळ्यात घाटात दरड कोसळून गाडी बंद पडली, की त्या दिवशी याचा उपयोग कळतो. अर्थात गावात रेंज असेल तर.

पैशाची अडचण असलेल्या घरांनी 'बुक बँक' हा शब्द लक्षात ठेवावा. अनेक महाविद्यालयांत गरजू विद्यार्थ्यांना सत्राची क्रमिक पुस्तके एकदम देतात आणि परीक्षेनंतर परत घेतात. अर्जाची मुदत सहसा लवकर संपते, संच मोजके असतात. उत्पन्नाचा दाखला मागतात, तो शिष्यवृत्तीसाठी काढलेला असतोच. अर्ज करायला आपल्यातली चांगली घरेही संकोचतात, 'लोक काय म्हणतील' म्हणून. खुदा बख्श यांनी वडिलांकडून आलेला हस्तलिखितांचा खजिना वाढवून 1891 मध्ये पाटण्याला सर्वांसाठी खुला केला. आजही जगभरचे विद्वान तिथे बसून वाचतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आपल्याच रत्नागिरीत 1828 पासून नगर वाचनालय आहे. दुसऱ्याच्या पुस्तकातून शिकायची रीत आपल्या जिल्ह्याला जुनीच आहे.

मागच्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिका बहुतेक ग्रंथालये जपून ठेवतात. त्या सत्र सुरू होतानाच पाहाव्यात, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तिथे रांग लागते. वर्तमानपत्रे आणि 'योजना', 'लोकराज्य' यांसारखी मासिकेही येतात. स्पर्धा परीक्षेचा विचार असेल तर पहिल्या वर्षापासून रोज वीस मिनिटे त्यांना द्यावीत, त्यासाठी वेगळा क्लास लागत नाही.

घरातल्यांसाठी दोन गोष्टी. ग्रंथालयाचे पुस्तक घरी आले की लहान भावंडांच्या हाती जाऊ देऊ नका. पान फाटले किंवा पुस्तक हरवले तर नवी प्रत किंवा किंमत भरावी लागते, आणि जुने पुस्तक बाजारात मिळत नाही तेव्हा खरी पंचाईत होते. पुस्तकात पेनाने खुणा करायच्या नाहीत, हे मुलांना सांगावे लागते. दुसरी गोष्ट मुलीचे लग्न ठरून ती मध्येच कॉलेज सोडते त्या वेळची. दाखला मागायला गेल्यावर ग्रंथालयाचे 'नो ड्यूज' मागतात, आणि तेव्हा मुलगी सासरी असते व पुस्तक कुठल्या तरी ट्रंकेत. कार्ड आणि पुस्तके जमा करून सही घ्या, अनामत परत मागा. आणि शक्य असेल तर सासरच्या मंडळींशी बोलताना राहिलेल्या सत्रांचाही विषय काढा. परीक्षा द्यायची असेल तर तेच कार्ड पुन्हा चालू करून मिळते का, ते खिडकीवर विचारता येते.