‘माग’ शोधताना : संगणकीय शब्दबदल आणि मौखिक साधने

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल-चादरींच्या कारखान्यांत राबलेल्या कामगारांच्या आठवणींवर आधारलेल्या एका प्रबंधिकेचा खर्डा अलीकडे माझ्याकडे वाचावयास आला. परिभाषा एकसारखी असावी या सद्हेतूने विद्यार्थ्याने संगणकावरील ‘शोधा व बदला’ ही सोय वापरून ‘माग’च्या जागी सर्वत्र ‘यंत्रमाग’ घातले होते. परिणामी ‘मागणी’ची ‘यंत्रमागणी’ झाली, ‘मागच्या वर्षी’चे ‘यंत्रमागच्या वर्षी’ झाले आणि मूळचा ‘यंत्रमाग’ ‘यंत्रयंत्रमाग’ होऊन बसला.

हे प्रमाद मला निरुपद्रवी वाटतात, कारण ते दिसतात. संगणक शब्द ओळखत नाही. चिन्हांची मालिका ओळखतो. ‘पूर्ण शब्दच शोधा’ ही आज्ञा इंग्रजीत बऱ्याच अंशी पुरते. मराठीत प्रत्यय सामान्यरूपाला जोडूनच येतात, त्यामुळे ‘मागाचा’, ‘मागांना’ ही रूपे तिच्यातून निसटतात. ती स्वतंत्रपणे शोधावीत, तर ‘मागास’ म्हणजे मागाला की अप्रगत, ‘मागावर’ म्हणजे कामावर की पाळतीवर, हे वाक्य वाचल्यावाचून ठरत नाही.

खरी चिंता बिनचूक पार पडलेल्या बदलांची आहे. येथील अनेक विणकर कुटुंबे तेलुगू मातृभाषेची, पद्मशाली समाजातील. एका वृद्ध निवेदकाने वडिलांच्या मागाला ‘मग्गम’ म्हटले होते. त्याचाही ‘यंत्रमाग’ झाला. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष. परंतु तो घरातला हातमाग होता! दोन पिढ्यांतील अंतर एका कळीसरशी पुसले गेले, आणि ध्वनिमुद्रण ऐकले नसते तर ते माझ्याही ध्यानात आले नसते. ‘न्हाई’चे ‘नाही’ आणि ‘आमी’चे ‘आम्ही’ असेच मुकाट्याने झाले होते.

शुद्धीकरणास माझा विरोध नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि तशी नोंदही प्रतीच्या अखेरीस ठेवली. यंत्राने कोणते शब्द बदलले याची यादी प्रबंधाच्या प्रस्तावनेत असावी आणि निवेदनांचे मूळ लेखन परिशिष्टात जपावे, एवढी अपेक्षा मार्गदर्शकांनी अवश्य धरावी. प्रस्तुत विद्यार्थ्याने बदल मूळ फाइलवरच जतन केल्यामुळे पहिले लेखन उरलेले नाही. ध्वनिमुद्रणे शाबूत आहेत. ती पुन्हा ऐकून लिहून काढण्याचे काम त्याने हाती घेतले आहे.